फुकटातलं नाव

"अहो, तुमची साइट उघडत नाही. दुकान बंद केलंत की काय?"

फोनवर परगावचा औषधवाला होता. थोरल्या भावानं हातातली तराजूची दांडी जपून खाली ठेवली. "बंद? माझं दुकान? कोण म्हणतं?" असं म्हणत त्यानं बायकोला हाक मारली आणि तिच्या मोबाइलवर दोघांनी साइट उघडून पाहिली. वजनकाट्यांचे सगळे फोटो गायब. पांढऱ्या पडद्यावर नुसत्या दोन ओळी: साइटच्या या मोफत नावाची मुदत संपली आहे. आज मध्यरात्रीनंतर ते कोणालाही घेता येईल.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुने वजनकाटे हल्ली दुरुस्त करून घेतं कोण? गावातलं काम केव्हाच आटलं होतं. जे काही पोटापुरतं येत होतं ते लांबलांबून, पार्सलनं, साइट बघून. ती गेली की शटर खाली ओढायचं आणि घरी बसायचं.

"हे त्याचंच काम," तो म्हणाला. "धाकट्याचं. साइट त्यानंच काढून दिली ना? सगळ्या किल्ल्या त्याच्याकडे. डूख धरून बसला होता, आज डाव साधला."

"मग इतकी वर्षं का नाही साधला?" बायको म्हणाली.

"तू त्याची वकिली करू नकोस."

दोघा भावांचं फाटलं ते इलेक्ट्रॉनिक काट्यांवरून. धाकटा म्हणायचा, आपणही ते काम शिकून घेऊ. थोरला म्हणायचा, बॅटरीवर चालणाऱ्या डबड्यांना माझ्या दुकानात जागा नाही. एक दिवस धाकटा आपली डबडी घेऊन निघून गेला, आणि थोरल्यानं पाटीवरच्या 'बंधू काटा दुरुस्ती'मधल्या 'बंधू'वर रंगाचा जाड हात फिरवला. साइटच्या नावातला 'बंधू' तेवढा वाचला, कारण तिथं ब्रश चालत नाही. बाकी साइटचं त्याला कौतुक भारी! येईल त्याला सांगायचा, "फुकटात मिळालीय, आणि बघा, आपलीआपण चाललीय."

धाकट्याचा नंबर त्यानं फोनमधून पुसला होता. पण डोक्यातून पुसायचा कसा? बोटांनी तो आपसूक लावला. उचलला धाकट्याच्या बायकोनं.

"द्या त्याला! म्हणावं, हिंमत असेल तर समोर ये. हे असं पाठीमागून..."

"भावजी, ते दवाखान्यात आहेत." तिचा आवाज थकलेला होता. "काल ऑपरेशन झालं. पित्ताचे खडे. आता बरे आहेत. तुम्हाला कळवू का विचारलं, तर नको म्हणाले."

"मग... मग माझी साइट कोणी बंद केली?" थोरल्यानं विचारलं.

"साइटचं म्हणताय का? अगं बाई, राहूनच गेलं की!" ती म्हणाली. "दर वर्षी त्यांच्या मोबाइलवर गजर होतो. जेवत असले तरी ताटावरून उठतात आणि आधी ते नाव पुन्हा मागून घेतात. यंदा गजर झाला तेव्हा ते पोट धरून तळमळत होते. मीच तो बंद केला. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"दर वर्षी?" थोरला पुटपुटला. मग त्यानं दवाखाना कुठला ते विचारून घेतलं.

अंगावरचा तेलकट एप्रन काढायचंही त्याला सुचलं नाही. तसाच तो दवाखान्यात पोचला. वाटेत चार वाक्यं जुळवली होती, पण खाटेवरचा तो उतरलेला चेहरा बघून एकही आठवेना. धाकट्यानंच उशाशी ठेवलेल्या छोट्या बाटलीकडे बोट केलं.

"खडे बघ. किती भरतील?"

थोरल्यानं बाटलीतले खडे तळहातावर घेतले, हात जरा वरखाली केला. "तीन ग्रॅमच्या आत."

"तीनच्या वर आहेत."

"तुझ्या डबड्यानं सांगितलं का?"

धाकटा हसला आणि लगेच पोट धरून कळवळला. "दादा, हसवू नकोस रे, टाके आहेत."

मग त्यानं बायकोकडून मोबाइल मागून घेतला, काहीबाही उघडलं आणि पडदा भावासमोर धरला. "हे हिरवं बटण. दाब."

थोरल्याचं बोट तिथंच अडलं. "पाटीवरून मी तुला पुसलं," तो म्हणाला. "तू कशाला जपत बसलास?"

"नाव दोघांचं होतं. मी एकट्यानं कसं सोडून देऊ?"

थोरल्यानं बटण दाबलं. पडदा क्षणभर फिरत राहिला आणि मग ओळ उमटली: हे नाव पुढील एक वर्ष आपले आहे.

"एकच वर्ष?"

"फुकटातलं आहे ना. दर वेळी आठवणीनं मागावं लागतं, नाहीतर जातं."

तळहातावरचे खडे थोरल्यानं एकेक करून बाटलीत भरले, झाकण घट्ट लावलं. मग एप्रनच्या खिशातून स्वतःचा जुना बटणांचा फोन काढून भावाच्या हातात दिला.

"यात गजर लावून दे."

"लावतो की. वर्षातून एकदाचा ना?"

"नको," थोरला म्हणाला. "रोजचा लाव."