रुखवतातलं कुलूप

बुऱ्हाणपूरच्या मंगल कार्यालयात अंतरपाट धरलेला, भटजींची मंगलाष्टकं रंगात आलेली, अन् चारूनं हातातली वरमाळा खाली ठेवली. इमारती आगीपासून वाचवणारी इंजिनियर ती; हॉलमध्ये हजारभर माणसं, अन् आग लागल्यावर पळायच्या दाराला नारळाएवढं कुलूप! “आधी ते उघडा, मग लग्न.” मालक हसला, “बेटी, तिकडून चप्पलचोर घुसतात. इथं आजवर काडी पेटली नाही.” “काडी मुहूर्त काढून पेटत नाही, काका.” चावी कुणाला सापडेना. मामा कडाडले, “मुहूर्त टळतोय, नाक कापशील आमचं!” चारू तसूभर हलेना. तेवढ्यात होणाऱ्या सासूबाई उठल्या. लोकांना वाटलं, वऱ्हाड परत निघालं. त्यांनी रुखवतातला पितळी बत्ता उचलला अन् एका घावात कुलूप फोडलं. “माझं पोरगंही आतच आहे! घाल माळ.” अजूनही सुनेचं रुखवत दाखवताना सासूबाई आधी ते फुटकं कुलूपच काढतात.