उताऱ्यावरची बाई

"तुझ्या बानं ठेवल्याली बाई हाय ती. आन् तू तिची सही मागाय निघालायस व्हय रं?"

माई दारात उभी हुती. हातात पिशवी, पिशवीत चार लुगडी. मुरगूडला भावाकडं जायचं, परत यायचं न्हाय, असं ठरवून निघालेली. तिचा पोरगा ऋतुराज दार अडवून उभा.

भांडण एका कागदाचं हुतं. वरचा मजला बांधायला ऋतुराजनं बँकेत कर्ज मागितलं. बँकेनं जागेचा उतारा मागितला. घरफाळा आजवर बाच्या नावानं यायचा, म्हणून उतारा कुणी कधी काढलाच नव्हता. काढला तर मालकाच्या रकान्यात नाव: संयोगिता जोतीराम चौगुले. जोतीराम म्हणजे माईचा नवरा. चार वर्षांमागं वारला. आन् माईचं नाव धोंडुबाई. बँकवाला म्हणाला, ह्या बाईची सही आणा, न्हायतर ती मेल्याचा दाखला आणा.

आठ दिवस माई नवऱ्याच्या फोटोसंगं भांडत हुती. "म्हशीच्या धारा काढाय धोंडी, आन् जागा संयोगिताला."

"आई, अंबादासकाका येस्तवर तरी थांब."

खरेदीखताच्या नकलेवर खाली दस्त लिहिणाऱ्याचं नाव हुतं, अंबादास. जोतीरामचा जुना दोस्त. आता चंदगडला लेकीकडं ऱ्हायचा. ऋतुराजनं फोनवर सगळं सांगितलतं, तर म्हणाला, हे फोनवर सांगायचं न्हाय, येऊन वहिनींनाच सांगतो. तेवढ्यात रिक्षा थांबलीच. म्हातारा काठी टेकत उतरला.

"वहिनी, आत तरी येऊ द्या."

"आधी सांगा, भावजी. कोण ती?"

"तुम्ही."

माईच्या हातातली पिशवी तशीच लोंबकळत ऱ्हायली.

"लग्नात मी नवरदेवाच्या बाजूलाच बसलतो," अंबादास म्हणाला. "ताटातल्या तांदळात त्यानं अंगठीनं तुमचं नवं नाव लिवलं. तुमची सासू म्हणाली, असलं राजवाड्यातलं नाव आमच्या शेणामुतात कशाला? आन् हात फिरवून तांदूळ सारखं केलं, माहेरचं धोंडुबाईच चालू ठेवलं. तुम्हाला वाचाय येत नव्हतं. पुढं ही जागा घेताना मी इचारलं, बायकोच्या नावानं घेतोयस, तर नाव सांग. म्हणाला, संयोगिता. मी म्हटलं, आरं, घरात तर धोंडुबाई म्हणतात. म्हणाला, घरात आईचं चालतंय, कागदावर तरी माझं चालू दे."

माई पायरीवर बसली. आधी डोळं पुसलं, मग हसाय लागली. पदर तोंडात कोंबला तरी हसू थांबंना.

"मुडद्यानं चाळीस वर्षांत यकदा हाक मारली न्हाय."

अंबादासनं खिशातनं कागद काढला. दोन्ही नावं एकाच बाईची हायत, असं प्रतिज्ञापत्र त्यानं लिहूनच आणलं हुतं. खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही ठोकली आन् कागद ऋतुराजकडं दिला. "उद्या आईला घेऊन नोटरीकडं जा. मग नाव दुरुस्तीचा अर्ज. काम हुतंय."

माईनं कागदावर बोट ठेवलं. "ह्यातलं ते नाव कंचं?" ऋतुराजनं दाखवलं. ती त्याच्यावरनं बोट फिरवत ऱ्हायली.

"भावजी, तुम्ही तरी त्या नावानं हाक मारा की. कानावर पडू दे."

अंबादासनं काठी उचलली.

"न्हाय वहिनी. जागा तुमची, पर त्या हाकेची मालकी त्याची. ती नावावर करून घ्याय मला जमायचं न्हाय. चंदगडची येष्टी सुटंल, मला आता निघाय पायजे."