चार तास कॅफीन

पडद्यावर तुंगाची पेशी उमटली. कांद्याच्या मुळातली, विभागताना टिपलेली: दोन टोकांकडे ओढली जाणारी गुणसूत्रं आणि मध्येच गळून राहिलेले तीन तुकडे. फोटो तिनं काढला होता. खाली नाव होतं जयतीर्थचं.

"एक्स-रेनं गुणसूत्रं तुटली, की पेशी थांबते, दुरुस्ती करते, मगच विभागते," जयतीर्थ परीक्षकांना इंग्रजीत सांगत होता. "ही पेशी मात्र थांबलेलीच नाही. हाच माझ्या प्रबंधाचा शोध."

परीक्षकांनी मान डोलावली. तुंगा शेवटच्या रांगेत होती, बाकावर कॉफीचा भरलेला पेला. मघाशी जयतीर्थनंच आणून दिलेला.

"घे गं," तो म्हणाला होता. "अय्यो, एका फोटोसाठी चार महिने तोंड फुगवून बसलीस! अण्णा म्हणतेस ना मला? फोटो नि काचपट्टी तर कपाटात सुम्मने, उगाच पडून होती."

काचपट्टीवर फक्त एक्स-रेचा डोस लिहिलेला होता. लॅबची पद्धतच तशी. बाकीचं ज्याच्या त्याच्या वहीत. तुंगाच्या वहीत लिहिलं होतं, 'नंतर चार तास कॅफीन'. ते दिलं की पेशीला थांबायचं भान राहत नाही. तुटलेलं तसंच घेऊन ती दोन होते.

काल तालमीच्या वेळी तुंगाला हे सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं. पण तुटलेलं सांधायला थांबते ती पेशी. तुंगा आजच्यासाठी थांबली होती.

"कुणाला काही विचारायचंय?" परीक्षक म्हणाले.

ती उठली. "या मुळांना कॅफीन दिलं होतं?"

"कॅफीन?" जयतीर्थ हसला. "कशाला?"

"दिलं नव्हतं?"

"थेंबभरही नाही."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मग तुंगानं वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली. पानावर हाच फोटो चिकटवलेला, खाली कॅफीनची ती ओळ, तिच्या मार्गदर्शक बाईंची सही, तारीख. परीक्षकांनी पान पाहिलं, पडदा पाहिला, पुन्हा पान पाहिलं आणि चष्मा काढला.

"तुंगा," जयतीर्थ हळूच मराठीत म्हणाला, "काल का नाही बोललीस गं?"

ती जागेवर परतली. कॉफीवर साय धरली होती. तिनं ती बोटानं बाजूला सारली आणि गार कॉफी शेवटच्या घोटापर्यंत प्याली.