लाल दोरी, निळी दोरी

“ज्यांचं मूल माझ्या वर्गात आहे, त्यांनी लाल दोरीच्या आत यावं,” हान्सेन बाई म्हणाल्या.

पालक कुरकुरत उठले. आले होते भांडायला. पोरांना साता-आठांचा गुणाकार येईना आणि शाळेत शिकवतात काय, तर संच! घराघरांत पोरं जेवणाच्या टेबलावर बटाट्यांभोवती गोल काढत होती. खाटीक बर्टोल्टनं सभेच्या सुरुवातीलाच तोफ डागली होती, “बाई, मी सॉसेज मोजून विकतो. गोल काढून नाही.” हान्सेन बाई हाम्बुर्गहून या खेड्यात नव्यानंच आल्या होत्या. वाद घालण्यात अर्थ नाही हे त्यांना कळलं. त्यांनी व्यायामशाळेतून दोन लांब दोऱ्या आणल्या आणि हॉलच्या फरशीवर एकमेकींत गुंतलेले दोन मोठे गोल टाकले.

रोझविता सगळ्यांच्या शेवटी लाल दोरीत शिरली. बायका जराशा सरकल्या. जागा द्यायला नव्हे, तिचा धक्का लागू नये म्हणून. तिला त्याची सवय होती.

ती भांडायला आलीच नव्हती. तिला बाईंना एवढंच सांगायचं होतं की सुट्टीनंतर आपली मुलगी ऊटे या शाळेत येणार नाही. कासेलला शिवणकारखान्यात काम मिळालं होतं, खोलीही ठरली होती. गेल्या आठवड्यात वर्गात घरच्या माणसांचा संच काढायला सांगितला होता. ऊटेच्या गोलात दोनच नावं होती, आई आणि ती. पोरं फिदीफिदी हसली. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की ऊटे दप्तर पलंगाखाली लपवायची.

ऊटेचा बाप कोण, हे गावात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक रोझविता. दुसरा एकहार्ट, खानावळवाल्या लुडेविगबाईंचा एकुलता मुलगा. “आई आहे तोवर थांब,” ऊटेच्या वेळी दिवस गेले तेव्हा तो म्हणाला होता, आणि रोझविता थांबली. लोकांनी खोदून खोदून विचारलं, पाद्रीबाबांनी विचारलं, तिच्या सख्ख्या बहिणीनं विचारलं. तिनं तोंड उघडलं नाही. या वसंतात म्हातारी गेली. उन्हाळा सरला, शेतातले बटाटे निघाले, तरी एकहार्टला वाचा फुटली नाही. रोझविताला त्याचा राग येई, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

“आता मला दुसरा संच हवाय,” हान्सेन बाई म्हणाल्या आणि त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं गावातली गाणारी मंडळी बीअरच्या बाटल्या घेऊन उभी होती. सभा संपली की त्यांची तालीम याच हॉलमध्ये व्हायची. “तुम्ही सगळे गायक, या बघू निळ्या दोरीत.”

मंडळी हसत हसत आली. त्यांत एकहार्टही होता. रोझवितानं नजर फिरवली.

बर्टोल्टला मूलही होतं आणि तो गातही होता. तो पोट सावरत दोन्ही दोऱ्यांच्या मधल्या भागात जाऊन उभा राहिला.

“हा झाला छेद,” बाई म्हणाल्या. “इथं उभे राहणारे दोन्ही संचांतले.”

“म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारे!” बर्टोल्ट म्हणाला.

हशा पिकला. मघाचा राग कुठल्या कुठे गेला. बाईंना हुरूप आला.

“आता लाल दोरीतल्या प्रत्येकानं आपल्या मुलाचं नाव सांगायचं. म्हणजे कुणी चुकीच्या जागी उभं नाही ना, ते कळेल.”

“डीटलिंडेची आई.” “युर्गनचे वडील.” “हाइकेची आजी, चालेल ना?” एकेक नाव पुढे सरकत गेलं.

“ऊटेची आई,” रोझविता म्हणाली.

“आणि बाप? रिक्त संच!” बर्टोल्ट मध्येच ओरडला. पोराकडून उचललेला हा शब्द त्याला भारीच आवडला होता.

सगळा हॉल खदखदून हसला. रोझविताचे कान तापले. बाईंना आपण काय करून बसलो ते उमगलं, पण उशिरा.

एकहार्टनं बाटली खिडकीत ठेवली. लाल दोरी ओलांडून तो मधल्या भागात आला आणि बर्टोल्टशेजारी उभा राहिला. लोक अजून हसतच होते. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

“अहो, तिथं नाही,” हान्सेन बाई घाईघाईनं म्हणाल्या. विषय बदलायला त्यांना हे बरं निमित्त सापडलं होतं. “तुम्ही लुडेविग ना? माझ्या वर्गात या आडनावाचं मूलच नाही. तुम्ही फक्त गाता. मागं व्हा बघू जरा.”

एकहार्ट मागं झाला नाही. हसू एकेका तोंडावरून ओसरत गेलं. चर्चमध्ये ज्याच्या खर्जानं बाकं थरथरायची, त्या माणसाच्या तोंडून आता शब्द फुटेना. मानेपासून कपाळापर्यंत तो लालबुंद झाला. बर्टोल्टनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा रोझविताकडे, आणि त्यानं अंग चोरलं.

बाई गोंधळून दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या. “काही चुकतंय का माझं?” त्यांनी विचारलं.

गप्प राहणं रोझविताच्या अंगवळणी पडलं होतं. आताही ती गप्प राहिली असती, तर एकहार्टला मागं फिरता आलं असतं आणि दारू चढली म्हणून गावानं हसण्यावारी नेलं असतं. तो तिच्याकडेच बघत होता. घाबरला होता, पण पाय हलवत नव्हता.

“राहू द्या त्याला, बाई,” ती म्हणाली. “यायला उशीर केलाय, पण जागा चुकलेली नाही त्याची.”