तुला म्हणून

“तुला म्हणून हजार जास्त देतो. बाकीच्यांना कळू देऊ नकोस.”

डबा खाताना यशोदाच्या तोंडून मालकांचं हे गुपित निसटलं आणि साडीच्या दुकानातल्या बाकी तिघींचे घास हातातच राहिले. प्रत्येकीला त्यांनी हेच सांगितलं होतं. चौघींचा पगार अगदी सारखा निघाला. नऊ वर्षं यशोदा उगाच तोऱ्यात होती. आधी तिला लाज वाटली, मग हसूच आवरेना.

दुपारी लग्नाचा बस्ता बांधायला मोठं कुटुंब आलं. गादीवर साड्यांचा ढीग पडला, पण घडी घालायला एकही हात पुढे होईना. चौघी गल्ल्यासमोर उभ्या होत्या. यशोदा सगळ्यांत पुढे होती.

“यशोदा, तू एकटीच आत ये,” मालक हळूच म्हणाले. “तुला म्हणून...”

“चौघींना म्हणून किती वाढवताय, ते इथेच सांगा, शेठ.”