कापलेले काटे

गाईने कुंपणापाशी साळिंदराला हुंगलं आणि ती नाकभर काटे घेऊन गोठ्यात आली. "नको तिथे नाक खुपसलं की असंच होतं," म्हणत बाबांनी कात्री आणली आणि सगळे काटे कातडीलगत कापून टाकले. नाक साफ दिसायला लागलं. तरीही माहेरी आलेल्या मुलीने गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"काटे उपटायचे असतात हो, कापायचे नसतात," नाक चाचपत डॉक्टर म्हणाले. "टोकं आतच राहिली की."

"पण आता हात लावू देते. दुखत नाही तिला," बाबा म्हणाले.

"त्यावर जाऊ नका. दुखायचं थांबलं म्हणजे काटा निघाला असं नसतं. तो आत सरकलेला असतो."

टोकं काढायला उद्या सामान घेऊन येतो, असं सांगून डॉक्टर गेले. मुलगी गाईचं दावं हातात धरून तशीच उभी होती. बाबांनी हात धुतले.

"मागच्या वेळी मी जावईबापूंशी बोललो, तेव्हाच सगळं मिटलं ना गं? आता काही त्रास नाही ना तिकडे?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "आता दुखत नाही."