मधली जागा

दशरथरावांना फाइलच्या नावात जागा सोडायची खोड होती. शब्द झाला की स्पेसबारवर अंगठा आपटायचे, टप्. दूरगावच्या सर्व्हरना असलं नाव चालत नाही. मधे जागा दिसली की ते एकाच नावाची दोन नावं समजतात आणि काम अडतं. शेजारच्या टेबलावरची कल्याणी म्हणायची, "अहो, लग्नपत्रिका लिहिताय का? शब्द जोडून लिहा की." ते हसायचे, आणि पुन्हा टप्.

ते वारले त्याला महिना झाला होता. वारज्याच्या ऑफिसातले सगळे दुपारच्या चहाला खाली गेले होते. दूरगावच्या इस्पितळांच्या सर्व्हरवर कल्याणीची स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची फाइल, संध्याकाळच्या आत चालायलाच हवी होती, आणि एकूणएक सर्व्हर ती नाकारत होता.

तिने फाइलचं नाव नीट पाहिलं. मधे जागा होती. आपण अशी चूक करत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने जागा पुसली, शब्द जोडले.

टप्.

तिने वळून पाहिलं. दशरथरावांचं टेबल रिकामं होतं. त्यांचा कीबोर्ड कधीच हलवला होता. पडद्यावर नाव पुन्हा दुभंगलं होतं.

"दशरथराव, पुरे आता," ती हसून म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

तिने स्वतःच्या कीबोर्डची वायर उपटली आणि तो मांडीवर घट्ट धरून बसली.

या वेळी टप् झालं नाही. मांडीवरचा स्पेसबार तेवढा हळूहळू खाली गेला, कुणी अंगठा टेकवून ठेवावा तसा, आणि वर आलाच नाही. पडद्यावर, ओळीच्या सुरुवातीला लॉगिन म्हणून असलेलं तिचं स्वतःचं नाव मधोमध उघडू लागलं.